फ्रिजच्या अंगाची ऊब

माझा उजवा कान डाव्याच्या आधी म्हातारा झाला. घरात कोणी मागून हाक मारली, तर ती मला डावीकडूनच आल्यासारखी वाटते आणि मी भलत्याच दिशेला वळते. त्याचे मला फारसे दुःख नाही. जो कान वर्षानुवर्षे परक्यांच्या तक्रारींना वाहिलेला होता, त्याने जरा लवकर थकावे, हे न्याय्यच आहे. नागपूरच्या मे महिन्यात टेबलावरचा फोन इतका तापत असे, की संध्याकाळी तो खाली ठेवल्यावरही कानाच्या पाळीवर त्याची धग रेंगाळत राही. त्या तापलेल्या कानाने मी आयुष्यभर थंडीविषयी बोलले. लोकांच्या घरातल्या फ्रिजच्या थंडीविषयी.

मी एका फ्रिज-कंपनीच्या सेवाकेंद्रात तक्रारी घेत असे. केंद्र धंतोलीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होते. खाली औषधांचे दुकान, शेजारी रक्त तपासण्याची प्रयोगशाळा. जिन्यात कायम स्पिरिटचा गार, बोचरा वास, आणि पायऱ्यांवर विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली, रिपोर्टची वाट पाहत बसलेली माणसे. आमच्याकडे यायचे तर त्यांना ओलांडून यावे लागे. भांडायच्या तयारीने जिना चढू लागलेले कितीतरी ग्राहक वर पोहोचेपर्यंत निम्मे निवलेले मी पाहिले आहेत. मनगटाला सलाईनची पट्टी चिकटवलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला ओलांडून आल्यावर, 'माझ्या फ्रिजात बर्फ जमत नाही' हे ओरडून सांगणे माणसाला जड जाते.

मराठी कवितेत एम.ए. करून मी या खुर्चीत बसले, ती तात्पुरती. पुढे कविता मागे पडल्या आणि खुर्ची राहिली. छंदांचा अभ्यास या नोकरीत कामी आला असे सांगितले तर वाचक हसतील, पण तो आला. तक्रार सांगून झाली की मी ग्राहकाला विनंती करीत असे, "जरा फोन फ्रिजजवळ धरता का?" पुष्कळांना ही थट्टा वाटे. पण कॉम्प्रेसरला लय असते. सुरू होताना तो अडखळला, थांबून पुन्हा उचलू लागला, तर विजेचा दाब अपुरा आहे हे इथे बसून समजे. आतला पंखा साचलेल्या बर्फाला घासत असेल, तर कोणी दूर बसून कागद फाडत असावे तसा बारीक आवाज येई. मला दुरुस्ती येत नव्हती. मी जन्मात एकही स्क्रू पिळला नाही. मात्र कोणत्या घरी आजच माणूस पाठवायला हवा आणि कोणते घर उद्यावर ढकलता येईल, एवढे त्या आवाजावरून मला ठरवता येई. उन्हाळ्यात आमचा सारा व्यवहार या एका निवडीवर चाले. कारागीर थोडे, घरे असंख्य, आणि ऊन सर्वांच्या डोक्यावर सारखेच.

बाहेरच्यांना वाटते, तक्रारी जुन्या फ्रिजच्या अधिक येत असतील. तसे नसते. जुन्या फ्रिजची दुखणी घराला पाठ असतात: दार जरा उचलून लावायचे, खालच्या कप्प्यात कोथिंबीर ठेवायची नाही, आवाज वाढला तर एक थाप मारायची. नवा फ्रिज मात्र निरोगी असूनही घाबरवतो. आतले प्लास्टिक थंडीने आकसते तेव्हा बोटे मोडल्यासारखा आवाज येतो. लोक विचारतात, तडा गेला का? नळ्यांतून गॅस वाहतो तेव्हा शेजारच्या खोलीत पाणी उकळत असल्याचा भास होतो. लोक विचारतात, गळतो का? एका बाईंनी तर त्याला परक्या घराचा वास येतो, म्हणजे तो कोणाचा तरी वापरलेला असणार, असा आरोप केला होता. तो दाराच्या कोऱ्या रबराचा वास होता.

सर्वांत मोठी भीती त्याच्या कुशींची. पूर्वीच्या फ्रिजची उष्णता बाहेर टाकणारी काळी जाळी पाठीमागे असे, धुळीने माखलेली. तिकडे कोणाचा हात जात नसे. आता बहुतेक फ्रिजमध्ये त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात. त्यामुळे नव्याकोऱ्या, गुळगुळीत फ्रिजवरून कौतुकाने हात फिरवावा, तर तळव्याला चटका बसतो. हे त्याचे दुखणे नव्हे, ते त्याचे काम आहे. भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, अंगावर कपडा घालू नका, एवढेच पथ्य. हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले, की पुढे पुढे ते माझ्या तोंडून निघते आहे हेही मला जाणवेनासे झाले.

आमच्याकडे दिवाकर नावाचा एक जुना कारागीर होता. मे महिन्यात त्याच्या शर्टाची पाठ घामाच्या मिठाने पांढरी पडलेली असे, आणि तो आत आला की खोलीत तापलेल्या तांब्याचा वास पसरे. मानेवाड्याकडच्या एका निवृत्त गृहस्थांनी नवा फ्रिज घेतला, तेव्हा मी त्यालाच पाठवले होते. त्यांचा फोन मला अजून आठवतो.

"मॅडम, तुमचा फ्रिज बोलून नाही राहिला."

"म्हणजे आवाज येत नाही का?"

"आवाजच नाही ना! जुना कसा, सुरू झाला का स्टँडवरून यष्टी निघाल्यावानी वाटे. पेपर वाचता वाचता समजे, का चालू आहे म्हणून. हा तर मुका आहे."

"आतमध्ये गार होतं आहे ना?"

"गार तर होऊन राहिलं. पन कोन करून राहिलं, ते तर समजलं पाहिजे!"

दिवाकर जाऊन आला आणि माठातले पाणी घटाघटा पिऊन म्हणाला, "ताई, त्यायचा हात धरला अन् फ्रिजच्या मागं ठेवून देल्ला. म्हटलं, पाहा, थरथर लागते का नाही? लागली. मंग मले चहा पाजला. म्हने, जुना भंगारात देल्ला, त्याचं वाईट वाटते गा."

अशा हकिगतींवर दिवाळी अंकाची पाने सहज भरतील. पण थकलेल्या माणसाच्या मनात शेवटी एखाददुसरेच घर राहते. माझ्या मनात जरीपटका वस्तीजवळचे एक घर राहिले आहे, जे मी कधी पाहिलेले नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, चालू होता. रस्त्यावरचे डांबर मऊ पडलेले, खिडकीतल्या कूलरच्या वाळ्याला कुबट वास येऊ लागलेला. सकाळपासून बोलून माझा घसा कोरडा पडला होता. त्यात एका तरुण स्त्रीचा फोन आला. आवाज मृदू, पण वाक्याच्या मध्येच थांबत होता. खोल श्वास घेताना तिला कुठेतरी दुखत असावे.

"मॅडम, नवा फ्रिज आहे. आत्ताच घेतला. त्यात ठेवलेलं दूध खराब होऊन राहिलं."

मी सवयीने विचारले, "कोणतं दूध? पाकिटाचं की सुटं? तापवून ठेवता का?"

मग ती म्हणाली, "माझं."

तिचे नाव प्रज्ञा. तिचे बाळ दिवस भरण्याच्या आधीच जन्मले होते आणि आमच्याच धंतोलीतल्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत होते. अजून त्याला ओढून पिता येत नव्हते. नळीतून थेंब थेंब दूध द्यावे लागे. तिच्या स्वतःच्या टाक्यांना त्रास झाला होता आणि या उन्हात घराबाहेर पडायला डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणून ती घरीच दूध काढी, उकळून घेतलेल्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवी. सकाळी तिचा नवरा मिलिंद त्या बाटल्या बर्फात बांधून मोटरसायकलवरून धंतोलीला पोहोचवी आणि तसाच पुढे हिंगण्याला कारखान्यात पाळीवर जाई. फ्रिज घेतला होता तो एवढ्यासाठीच. त्या घरात थंड पाण्याची हौस माठाने भागत होती.

"काल सिस्टरनं बाटली उघडून वास घेतला अन् परत केली. आज पुन्हा परत आली," प्रज्ञा सांगत होती. "बाळाला डब्याचं देऊन राहिले, ते त्याला पचत नाही. पोट फुगते. अन् मी इकडं काढते अन् मोरीत ओतते. आता येतंही कमी. मी यांना म्हटलं, आणखी एकदा परत आलं तर मी काढणंच बंद करते."

मी लिहिता लिहिताच विचारले,

"फ्रीजरमधल्या बर्फाचे तुकडे सुटे आहेत की एकमेकांना चिकटले आहेत?"

"सगळ्याचा मिळून एक गोळा झाला. अन् खाली फरशीवर थोडं पाणी दिसते."

तुकड्यांचा गोळा होणे म्हणजे बर्फ वितळून पुन्हा गोठणे. मी विचारले, वीज जाते का? नाही. आतला दिवा लागतो का? लागतो. मग मी तिला फोन फ्रिजजवळ धरायला सांगितला. आधी कूलरची घरघर आणि गवतावरून पाझरणाऱ्या पाण्याची टपटप ऐकू आली. तिच्याखाली फ्रिजचा संथ, एकसुरी षड्ज लागलेला होता. त्यात काहीच वावगे नव्हते, आणि तेच मला खटकले.

"कूलर इतका जवळ का?"

"आईंनी सरकवला. माझ्या सासूबाई. फ्रिज बाजूनं तापते ना, म्हणून."

मी माझे पाठ झालेले वाक्य म्हटले. बाजू तापणारच, अंगावर कपडा नको, कूलर दूर करा. आतले थंडी राखणारे बटण बिघडले असावे असा शेरा लिहिला आणि दिवाकरला दुसऱ्या दिवशीचे हे पहिले घर दिले. त्या दिवसाची त्याची घरे भरलेली होती.

दुपारी एका घरी कुलूप निघाले आणि दिवाकरची संध्याकाळ मोकळी झाली. तो आजच येतो आहे हे सांगायला मी प्रज्ञाला फोन लावला. त्या वेळी नागपूर दारे लोटून पडलेले असते. रस्त्यावर दुपट्ट्याने चेहरा बांधलेला एखादाच जीव दिसतो. फोन उचलला गेला आणि कुजबुज ऐकू आली.

"जयभीम. कोन बोलते?"

"मी फ्रिजच्या सेवाकेंद्रातून बोलते. प्रज्ञाताई आहेत?"

"आत्ताच डोळा लागला वं बाई तिचा. हळू बोला. मी तिची सासू, कमलाबाई."

मी दिवाकरचा निरोप सांगितला. सांगता सांगता माझ्या कानाला काहीतरी कमी भासू लागले. कूलर होता, टपटप होती. खालचा तो एकसुरी नाद नव्हता.

"मावशी, फ्रिज चालू आहे ना?"

"नाही. त्याले आराम देऊन राहिली."

"आराम?"

"नाही तं काय वं! सकाळपासून तापला हाय. अंगाले हात नाही लावू देत. ओली चादर टाकली तं चादर सुकून गेली. एवढी नवी वस्तू, जळून गेली तं लेकराच्या दुधाचं काय करावं? म्हून दुपारी प्रज्ञा झोपली का मी बटन बंद करते. दार उघडं ठेवते, कूलरची हवा आत लागू देते. निवला का मंग ती उठाच्या आधी चालू करून देते."

"त्यांना सांगितलं नाही का?"

"तिले कायले सांगू? अगोदरच एवढीशी झाली हाय. फ्रिज तापते म्हटलं तं झोपन का ती?"

माझ्या डोळ्यांपुढे ते सताड उघडे दार आले. आतल्या काचेच्या फळीवर ओळीने उभ्या बाटल्या, त्यांच्या अंगावर जमलेले दव, मग ओघळलेले दव, मग कोरडी, कोमट काच. रागावलेल्या माणसाशी कसे बोलावे याची वाक्ये कंपनीने आम्हांला घोकून घेतली होती. जीव लावून केलेली चूक माणसाला कशी सांगावी, याचे एकही वाक्य त्यांत नव्हते.

"मावशी, आधी दार लावा. मग बटण चालू करा. मी फोनवर आहे."

रबर चौकटीला चिकटल्याचा मऊ आवाज आला. बटणाची टिचकी आली. बंद केलेला कॉम्प्रेसर लगेच उचलत नाही, जरा दम धरतो. तेवढा वेळ माझ्यापाशी होता.

"मावशी, गरम दुधाचा गंज थंड पाण्यात ठेवला तर काय होतं?"

"दूध निवते."

"आणि पाण्याचं?"

"पानी कोमट होते. त्यात काय?"

"फ्रिज तेच करतो. दुधातली ऊब काढून स्वतःच्या अंगावर घेतो आणि कुशीतून बाहेर सोडतो. त्याची कूस तुम्हांला गरम लागते ना, ती दुधातून काढलेली ऊब आहे. कूस तापते म्हणजे आत दूध निवतं आहे."

पलीकडे फ्रिज सुरू झाला. तो संथ नाद पुन्हा कानात भरला.

"म्हंजे तो बिमार नव्हता?"

"नाही."

"अन् काल परत आलं ते…" तिने वाक्य अर्धे सोडले. मग म्हणाली, "म्या नासवलं."

आमच्या कामात फोनवर गप्प राहणे हा दोष मानला जाई. मी गप्प राहिले.

"तिले नका सांगजा बाई. माह्या भरवशावर झोपते ती."

नाही सांगत, असे मी कबूल केले.

दिवाकरला मात्र सगळे सांगणे भाग होते. दिवेलागणीच्या सुमारास तो त्या घरी पोहोचला. अवघड घरी गेला की तो मला फोन लावून तसाच फ्रिजच्या माथ्यावर ठेवी, म्हणजे मलाही ऐकू येई. त्यामुळे पुढचे सारे मी फ्रिजच्या माथ्यावरून ऐकले. त्याने आतली थंडी मोजली, पंखा पाहिला, दाराच्या फटीत कागद धरून रबराची पकड पाहिली.

"फ्रिज एकदम ओके हाय," तो म्हणाला.

"ओके आहे तर दूध काहून नासलं?" प्रज्ञाचा आवाज सकाळी होता तसा राहिला नव्हता. "बदलून द्या हा, नाहीतर घेऊन जा. मला याच्यावर भरवसाच नाही राहिला. मी उद्यापासून काढत नाही, विषय संपला."

"अवं, असं नको म्हणू," हा मिलिंद असावा; कारखान्यातून नुकताच आलेला, दमलेला आवाज.

"मग काय म्हणू? तुम्हांला सिस्टरसमोर बाटली परत घ्यावी लागते, मला ओतावी लागते!"

दिवाकरने घसा खाकरला. मी दिलेला शब्द त्याने आपल्या पदरी घेतला होता. "प्लग ढिला होता, ताई. मधातच करंट तुटत असंल. आता टाइट करून देल्ला, टेन्शन नाही."

हे पुरेल असे मला वाटले. ऐकून घेऊन मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात कमलाबाईंचा आवाज आला, आता त्यात कुजबुज नव्हती.

"प्लगचं कायले नाव घेता गा भाऊ. प्लग चांगला होता. बटन म्या बंद करत होती. रोज दुपारी. दार उघडं टाकून."

माझ्या कानात फक्त फ्रिज चालू होता.

"रोज?" प्रज्ञाने विचारले.

"हो."

"मी झोपल्यावर?"

"हो वं. तापत होता, म्हून."

"अन् मी…" प्रज्ञा म्हणाली. "अन् मी समजून राहिली होती, का माझंच दूध वाईट आहे. बाळ लवकर झालं, म्हणून दूधही असंच नासकं येऊन राहिलं."

"तुहं दूध काहून वाईट राहीन वं!" कमलाबाई जवळजवळ ओरडल्याच. "सोन्यासारखं होतं. म्या नासवलं. म्या!"

मग रडणे ऐकू आले. एकीचे की दोघींचे, ते मला ओळखता आले नाही. एवढे आवाज पारखलेला माझा कान, पण त्या वेळी त्याने हात टेकले. दिवाकर पाने-पेचकस पिशवीत टाकीत होता, जरुरीपेक्षा जास्त वाजवीत. प्लगचे कारण त्या घराने वरवर मानले असते, तरी प्रज्ञा मनातल्या मनात स्वतःलाच दोषी धरत राहिली असती. हे मला, शब्दांचा अभ्यास केलेल्या बाईला, त्या क्षणापर्यंत सुचलेले नव्हते.

अखेर प्रज्ञाच बोलली. नाक ओढत, पण घरातल्या माणसाला कामे वाटून देणाऱ्या आवाजात. "उद्यापासून दुपारी तुम्ही इथंच बसा, आई. याच्यापाशी. बटणाला कोणाचा हात लागू द्यायचा नाही. यांचाही नाही."

"बसते."

"अन् कूलर?" मिलिंदने विचारले.

"कूलर आईंकडे फिरवा. त्या फ्रिजला काहून पाहिजे कूलर?"

दिवाकर हसला आणि त्याने फोन उचलला. "ताई, आइकलं का? फ्रिजचं काम झालं." मी तक्रार बंद केली.

आमच्या कामात माणूस उन्हाने थकत नाही, शिव्यांनीही नाही. थकतो तो यामुळे, की त्याच्या वाट्याला प्रत्येक गोष्टीचा मधलाच भाग येतो. तक्रार बंद झाली की ते घरही बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळभर मी इतरांच्या पाण्याच्या बाटल्यांविषयी बोलत होते आणि धंतोलीतल्या कोणत्या तरी खोलीत एक सिस्टर एका बाटलीचा वास घेत असेल, हे मनातून जात नव्हते. हाकेच्या अंतरावर, आणि तरीही मला ऐकू न येणारे.

दुपारी फोन वाजला.

"जयभीम बाई, मी कमलाबाई. घेतलं सिस्टरनं! सुंगलं अन् घेतलं. पोरगा तिथूनच फोन करून सांगे. अन् आता आइका…" पुढे तो संथ नाद. "चालू हाय ना?"

"चालू आहे मावशी."

त्यानंतर ती रोज दुपारी फोन करू लागली. पहाऱ्यावर बसलेल्या माणसाने पहाऱ्याची खबर द्यावी तशी. तक्रार नसलेला फोन घेणे आमच्या नियमात बसत नव्हते. मी घेत असे. ती फोन फ्रिजजवळ धरी, आणि चार श्वास होतील एवढा वेळ मी काहीही न बोलता ते ऐके. जिन्यातला स्पिरिटचा वास, दुसऱ्या टेबलावरचा वाजता फोन, पाठीला चिकटलेले पोलके, सगळे तेवढ्यापुरते दूर जाई. कधी ती सांगे, "आज कूस चांगली गरम हाय, बाई!" आणि त्या आवाजात असा अभिमान असे, की जणू ती ऊब तिने स्वतःच काढली आहे.

आता ते केंद्र नाही. त्या जागेत एक्स-रे काढतात. तक्रारी आता ध्वनिमुद्रित आवाज घेतो. तो कधी दमत नाही आणि कोणाला फोन फ्रिजजवळ धरायला सांगत नाही. माझ्याही घरी यंदा नवा फ्रिज आला. पहिल्या दिवशी त्याच्या कुशीवर तळवा ठेवला तर चटका बसला. मी हात काढला नाही, जरा वेळ तसाच राहू दिला. मुलगा म्हणाला, आई, तुला तरी माहीत आहे ना की तो तापतोच? मी म्हटले, माहीत आहे.

कमलाबाईंचा शेवटचा फोन त्याच वर्षी उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा आला. सवयीने तिने आधी फ्रिज ऐकवला. त्या नादाच्या पलीकडे आणखी एक बारीक, खरखरीत आवाज होता, तापट आणि तक्रारीचा. माझ्या साऱ्या नोकरीत कानावर आलेली ती सर्वांत सुंदर तक्रार.

"आनलं घरी," ती म्हणाली. "आता आपल्या हिमतीनं पेते. बाटल्या नाही लागत. फ्रिजात आता निस्तं पानी अन् टरबूज हाय." मग जराशी घुटमळली. "बाई, एक विचारू?"

"विचारा ना मावशी."

"आता तं त्याच्यात दूध नाही. मंग दुपारी देऊ का याले थोडासा आराम? लई राबला बिचारा."

माझा कान तापला होता. दुसऱ्या टेबलावरचा फोन केव्हापासून वाजत होता.

"नको मावशी," मी म्हणाले. "त्याला मध्येच थांबवलं, तर पुन्हा उचलताना जास्त जड जातं."

"असं का?" ती हसली. "मंग तुमच्यावानीच हाय म्हना."

मीही हसले, आणि दुसरा फोन उचलला.